तीन दरपत्रकं आणि एक जहाज

बायकोला समुद्रावर जायचं होतं. मी त्यासाठी तीन दरपत्रकं मागवली. माझा अपराध म्हणाल तर एवढाच. तरीही हल्ली मी लिफ्टमध्ये शिरलो की आमच्या इमारतीतले लोक छताकडे बघू लागतात आणि मी बाहेर पडल्यावर आतून हसण्याचा आवाज येतो.

तसं आम्हाला बंदर नवीन नाही. आमच्या गच्चीवरून धक्का, क्रेन आणि त्यापलीकडचं पाणी, सगळं दिसतं. जहाजाचा भोंगा झाला की आमच्या शोकेसमधले कप थरथरतात आणि माझी आई दर वेळी "कोण आलं?" म्हणून विचारते. पण या बंदरात येऊन येऊन येणार काय, तर सिमेंट, भंगार आणि लाकडाचे ओंडके. माणसांना न्यायला इथे कधी जहाज लागलं नव्हतं. या वर्षी ते कुणाच्या तरी डोक्यात आलं. एका जुन्या वखारीला पांढरा रंग दिला, दाराशी कुंड्या मांडल्या, ‘प्रवासी टर्मिनल’ अशी पाटी ठोकली आणि आमच्या कोपऱ्यावर एक भला मोठा फलक उभा केला. त्यावर पांढरंशुभ्र जहाज आणि त्याच्या डेकवर हसत उभं असलेलं एक जोडपं. त्या दोघांचे दात इतके सरळ होते की आमच्या वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्य बाई येता-जाता थांबून ते तपासायच्या.

बायको शाळेत भूगोल शिकवायची आणि नुकतीच निवृत्त झाली होती. एका संध्याकाळी ती भाजीची पिशवी घेऊन घरात आली, पिशवी खाली न ठेवताच माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आयुष्यभर मी फळ्यावर समुद्र काढला. किती निळे खडू संपवले असतील. मला एकदा मधोमध उभं राहून बघायचंय. चहूकडे पाणी आणि किनारा कुठेच नाही, असं."

बायको सहसा काही मागत नाही. यापूर्वी तिने स्वयंपाकघरात एक जास्तीची फळी मागितली होती. ती बाब अजून विचाराधीन आहे. त्यामुळे मीही या मागणीची गांभीर्याने दखल घेतली आणि "बघू" म्हणालो.

"बघू नका," ती म्हणाली, "जाऊ या."

आता मी काय काम करतो ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला मूर्खपणाचं वाटेल. मी एका मोठ्या कार्यालयात खरेदी शाखेत आहे. आमच्याकडे टाचणीसुद्धा तीन दरपत्रकांशिवाय येत नाही. तीन ठिकाणांहून दर मागवायचे, तुलनात्मक तक्ता करायचा, खाली टिपणी लिहायची आणि वर पाठवायचं. माझ्या एकाही खरेदीवर आजवर आक्षेप आलेला नाही. एकदा लेखा शाखेला पंखे हवे होते. माझी तुलना पूर्ण होईपर्यंत ती शाखाच दुसऱ्या इमारतीत हलली आणि तिथे पंखे होतेच. कार्यालयाचा खर्च वाचला म्हणून साहेबांनी चारचौघांत माझी पाठ थोपटली. मी हे घरी मोठ्या अभिमानाने सांगितलं, तर बायको म्हणाली, म्हणजे तोवर ती माणसं घामाने निथळत बसली. शिक्षकी पेशातल्या माणसाला प्रक्रिया समजावणं कठीण असतं.

तर मी घरी एक फाईल उघडली. सुरुवातीलाच अडचण आली ती अशी, की कंपनी एक होती, जहाज एक होतं आणि हंगामही छोटा होता. जहाज एकंदर तीनदा सुटणार होतं. पहिल्यांदा किनाऱ्याकिनाऱ्याने वर जाऊन परत. दुसऱ्यांदा दोन बेटं दाखवून परत. आणि हंगामाच्या शेवटी थेट समुद्र ओलांडून पलीकडच्या देशातल्या एका बंदरात जाऊन परत. एखादा साधा माणूस असता तर उठून टर्मिनलवर गेला असता, खिडकीत हात घालून दोन तिकिटं घेऊन आला असता. पण एकाच पुरवठादाराकडून थेट खरेदी म्हणजे आमच्या व्यवसायात चौकशीला आवतण. मला ते घरातसुद्धा करवेना. म्हणून मी शहराच्या तीन टोकांना असलेल्या तीन प्रवास एजंटांकडे गेलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच, फक्त त्या वळशाला माझ्याकडे जावक क्रमांक होता.

पहिल्या एजंटाच्या टेबलावर पृथ्वीचा गोल होता आणि तो बोलताना तो गोल सतत फिरवत होता, त्यामुळे मला जहाजात बसायच्या आधीच गरगरायला लागलं. दुसरा मूळचा झेरॉक्सवाला. त्याने माहितीपत्रकाची प्रत काढून दिली, त्यात समुद्र काळा आला होता. तिसरा दुकानात कधी भेटलाच नाही. तो फोनवर होता आणि दर वेळी "सर, मी तुमच्याच कामात आहे" म्हणायचा. तिघांनीही त्याच जहाजाची तीच माहिती दिली. तिघांनीही मला सांगितलं की बाकीच्या दोघांवर विश्वास ठेवू नका. तिघांनीही "तुमच्यासाठी एक केबिन तात्पुरती राखून ठेवतो" असं सांगितलं. मी तिघांनाही हो म्हणालो, कारण दरपत्रक चालू ठेवायचं तर पुरवठादाराला नाराज करून भागत नाही.

मग मी तक्ता आखायला घेतला. उभ्या बाजूला तीन सफरी, आडव्या बाजूला बाबी. खिडकीची केबिन की बिनखिडकीची. इंजिनापासूनचं अंतर. जिन्यांची उंची. डॉक्टर आहे का, असल्यास कशाचा. फोनला रेंज कुठवर. जेवणाची वेळ आणि आपली औषधाची वेळ यांचा मेळ. तक्ता इतका देखणा झाला की मी तो भिंतीवर लावला. बायकोने चष्मा लावून तो डावीकडून उजवीकडे वाचला आणि विचारलं, "मी म्हणाले ते कुठे आहे यात?"

मी म्हणालो, कुठलं?

"किनारा दिसणार नाही ते."

मी तिला समजावलं की ही मोजता येण्यासारखी बाब नाही, तेव्हा ती ‘शेरा’ या रकान्यात येईल, आणि शेरा शेवटी भरायचा असतो.  चष्मा काढून तिने तो पदराने पुसला आणि आत गेली.

तक्ता भिंतीवर लागल्याची बातमी इमारतभर झाली. आमच्याकडे एखाद्याला ताप आला तर कुणाला कळत नाही, पण कुणी कुठे जाणार म्हटलं की सल्ला द्यायला रांग लागते. सगळ्यांत आधी आले ते खालच्या मजल्यावरचे कॅप्टन. त्यांनी उभी हयात बसडेपोत काढली, पण ते नांगराचं चित्र असलेली पांढरी टोपी घालतात म्हणून त्यांना कॅप्टन म्हणायची पद्धत पडली, आणि नाव पडल्यावर ज्ञान आपोआप येतं. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिलेत, बसमधून जहाज हाकणारा हा एकच. त्यांनी तक्त्यासमोर हात मागे बांधून उभं राहून सांगितलं की केबिन मधोमध घ्यावी, खालची घ्यावी आणि बिनखिडकीची घ्यावी, कारण लाट दिसली नाही की लागत नाही. आणि सफर किनाऱ्याची घ्यावी, कारण जमीन नजरेसमोर असली की माणसाला धीर असतो. हे सगळं बायकोच्या इच्छेच्या बरोबर उलट आहे हे लक्षात न घेता मी टिपून घेतलं.

दंतवैद्य बाई आल्या आणि म्हणाल्या की जहाजावर माणसं दिवसभर खातात आणि दात तुटला तर डॉक्टर तो फक्त कागदात गुंडाळून हातात देतात. आईने तर पहिल्या दिवसापासून विरोधाचा झेंडा उभारला होता. तिचं म्हणणं, जमीन काय संपली का? तिने एक दिवस मला जवळ बसवून शांतपणे विचारलं, "तुला पोहता येत नाही. तिला येत नाही. उद्या त्या जहाजालाही येत नाही असं निघालं तर?"

या प्रश्नाचं उत्तर मी शोधतच होतो, तेवढ्यात भोंगा झाला, कप थरथरले आणि आईने "कोण आलं?" म्हणून विचारलं. कुणी आलं नव्हतं. पहिली सफर सुटली होती. मी तक्त्यातली पहिली ओळ पेन्सिलीने खोडली. खरं सांगतो, मला त्यात थोडं बरंही वाटलं. पर्याय कमी झाले की तुलना सोपी होते.

त्यानंतर कॅप्टननी चाचणीची कल्पना काढली. आमच्याकडे नमुना मागवल्याशिवाय खरेदी होत नाही, त्यामुळे मला ती एकदम पटली. बंदराच्या या काठावरून त्या काठावर कामगारांना नेणारी एक फेरीबोट आहे. तीत बसून एकदा जाऊन यायचं, म्हणजे कुणाला समुद्र लागतो आणि कुणाला नाही ते कळेल. आम्ही तिघं गेलो. बायको बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला जाऊन कठडा धरून उभी राहिली. तिचे केस उडत होते आणि ती एकटीच हसत होती. मी तिच्याकडे बघत होतो. इतकी वर्षं तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं, किंवा ती हसली असेल तेव्हा मी कुठलातरी तक्ता करत असेन. माझ्या मनात आलं की आता काही तुलना करायची नाही, ती म्हणेल ती सफर घ्यायची. आणि नेमक्या त्याच क्षणी बोटीने हेलकावा खाल्ला.

पुढचं थोडक्यात सांगतो. बोटीच्या कठड्यापर्यंत पोचणं मला शक्य नव्हतं. हाताशी जे होतं ते मी धरलं, आणि हाताशी कॅप्टनची टोपी होती. कामगारांनी आदराने जागा करून दिली. कॅप्टन उघड्या डोक्याने समोरच्या काठाकडे बघत राहिले. मी ती टोपी दोनदा धुऊन, इस्त्री करून परत दिली. ती त्यांनी पुन्हा कधी घातली नाही. इमारतीत मला मात्र त्या दिवसापासून नवीन नाव पडलं, ते मी इथे सांगणार नाही.

आता निदान दुसरी सफर, दोन बेटांची, निश्चित करावी असं ठरलं. मी टिपणी लिहायला बसलो आणि फोन वाजला. कंपनीच्या मुख्य कार्यालयातून एक मुलगी बोलत होती. तिने अत्यंत गोड आवाजात विचारलं की सर, आपण नक्की किती जण आहात? कारण त्यांच्या संगणकाला एकाच नावाचं, एकाच वयाचं, एकाच पत्त्यावरचं जोडपं तीन वेगवेगळ्या केबिनमध्ये आढळलं होतं. मी तिला दरपत्रकाची पद्धत समजावून सांगितली. तिने ती नीट ऐकून घेतली आणि सांगितलं की संगणकाने हा प्रकार संशयास्पद धरून तिन्ही केबिनी रद्द केल्या आहेत आणि त्या लगेच दुसऱ्यांना गेल्याही आहेत. तिन्ही एजंटांनी मग मला फोन करून सांगितलं की बाकीच्या दोघांवर विश्वास ठेवू नका असं मी म्हटलंच होतं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, आणि धुपाटणंही तीन प्रतींत.

दुसरी सफर सुटली तेव्हा बायको गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी वर गेलो. जहाज सावकाश वळून बाहेर पडत होतं. तिने हातातली चादर दोरीवर टाकली, दोन चिमटे लावले आणि जहाज दिसेनासं होईपर्यंत तिथेच उभी राहिली. ती भांडली असती तर मला चाललं असतं. भांडणाला उत्तर देता येतं. ती मला म्हणाली, "खाली चला, दूध उतू जाईल." मला फार वाईट वाटलं, आणि काय करावं ते सुचेना म्हणून मी तक्त्यातली दुसरी ओळ खोडली.

उरली शेवटची सफर, समुद्र ओलांडणारी. तिच्यासाठी पासपोर्ट हवा, व्हिसा त्या बंदरात उतरतानाच मिळे. बायकोचा होता, कारण आमची लेक परदेशात असते आणि तिच्या बाळंतपणाला ती जाऊन आली होती. माझाही होता. पण मी तो कधी वापरला नव्हता, आणि वापरायच्या आतच त्याची मुदत संपली होती. नवा काढायचा तर कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. ते देण्याचं काम मागच्या फेररचनेत खरेदी शाखेकडे आलेलं आहे आणि शाखेत ते माझ्या टेबलावर आहे. तुम्ही म्हणाल, मग काय, घरचंच कार्य. थांबा. आमच्या नियमात स्वतःचं प्रकरण स्वतः हाताळता येत नाही. ते पर्यायी कर्मचाऱ्याकडे द्यावं लागतं. माझा पर्यायी कर्मचारी म्हणजे शेजारच्या टेबलावरचा सहकारी, आणि तो रजेवर गेला होता. तो रजेवर असताना त्याच्या टेबलाचा पर्यायी कर्मचारी कोण, तर मी. म्हणजे माझा अर्ज माझ्याकडून त्याच्याकडे गेला आणि त्याच्याकडून माझ्याकडे आला. मी दोन्हीकडे पोच दिली.

मी साहेबांकडे गेलो. आयुष्यात पहिल्यांदा नियमाला बगल देण्याची विनंती करत होतो, त्यामुळे मला नीट जमेना. साहेब सहानुभूतीने ऐकत होते. ते म्हणाले, "हा नियम तुम्हीच लिहून दिलेला आहे. मी त्यावर फक्त सही केली." मी त्यांच्या टेबलावरच्या नियमाच्या कागदाकडे बघितलं. माझी भाषा मला ओळखू आली.

सहकारी रजेवरून आला तेव्हा मी त्याला दाराशीच गाठलं. त्याने बिचाऱ्याने घाम पुसायच्या आधी टिपणी लिहिली. ती साहेबांकडून परत आली. समासात प्रश्न होता, ‘सदर प्रवासासाठी अन्य दोन पर्याय विचारात घेतले होते काय? असल्यास तुलनात्मक तक्ता जोडावा.’ मला उमेद आली. जगात कुणाकडे नसेल असा तक्ता माझ्याकडे होता. मी धावत घरी जाऊन तो भिंतीवरून काढला आणि फाईलला जोडला. फाईल पुन्हा परत आली. पहिले दोन पर्याय आधीच सुटून गेलेले असल्यामुळे ते पर्याय धरता येत नाहीत, तरी नव्याने तुलना करावी. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण इथे काडी माझी होती, रॉकेल माझं होतं आणि घरही माझंच होतं.

यात बायको कुठे होती? ती एका सकाळी भाजी आणायला म्हणून बाहेर पडली, चालत चालत टर्मिनलवर गेली, खिडकीतल्या माणसाशी बोलली आणि शेवटच्या सफरीची दोन जणांची केबिन घेऊन आली. त्या माणसाने तिला फक्त खिडकी हवी का विचारलं. ती हो म्हणाली. झालं. हे तिने मला वांगी निवडता निवडता सांगितलं.

"तुमचं नाव घातलंय," ती म्हणाली. "आदल्या दिवसापर्यंत बदलता येतं म्हणाला. पण बदलायचं नाहीये मला."

तो आदला दिवस उजाडला. प्रमाणपत्र आलं नव्हतं. प्रमाणपत्र नाही म्हणून पासपोर्ट नाही, आणि आता मिळालं असतं तरी पासपोर्ट काही उद्यापर्यंत होणार नव्हता, हे मला आठवडाभर आधी कळायला हवं होतं. पण फाईल पुढे सरकते आहे या आनंदात माणूस ती कुठे सरकते आहे हे विसरतो. मी कार्यालयातून घरी आलो तेव्हा बायको पलंगावर बॅग उघडून बसली होती. माझे कपडे एका बाजूला, तिचे दुसऱ्या बाजूला. माझा स्वेटरही तिने घेतला होता, कारण डेकवर वारा असतो.

"येतंय का?" तिने विचारलं.

मी म्हणालो की प्रक्रिया सुरू आहे. हे वाक्य मी नोकरीत हजारदा उच्चारलं असेल. ऐकणाऱ्याचा चेहरा कसा होतो ते पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. मग मी म्हणालो की यंदा राहू दे, पुढच्या हंगामात वेळेवर अर्ज करू, सगळं रीतसर करू, आपण दोघं मिळून जाऊ.

 ती "बरं" म्हणाली आणि माझा स्वेटर काढून कपाटात ठेवला. मग माझे शर्ट. मग तिने स्वतःचे कपडे काढायला सुरुवात केली. एकेक घडी उचलून जागच्या जागी. मी तिथे उभा होतो. तिला थांबव असं माझं मन सांगत होतं.

दारात आई उभी होती. तिच्या हातात प्लॅस्टिकची एक पिशवी होती. पिशवीत दुसरी पिशवी, तिच्यात रुमाल आणि रुमालात तिचा पासपोर्ट. नातीच्या लेकराला बघायला जायचं म्हणून तिने तो हौसेने काढला होता. मग गुडघ्याने दगा दिला आणि ती राहिली. तेव्हापासून तो कोराच होता.

"याचं नाव काढ आणि माझं घाल," ती बायकोला म्हणाली. "एक तरी शिक्का पडू दे यात."

मी म्हणालो, आई, तूच म्हणत होतीस ना, जमीन काय संपली का?

"नाही संपली. म्हणून तर तू थांब तिच्यावर," आई म्हणाली. मग तिने बायकोच्या हातातली घडी काढून घेतली आणि परत बॅगेत ठेवली. "चल गं. हा बघत बसेल."

दुसऱ्या दिवशी मी दोघींच्या बॅगा टर्मिनलपर्यंत उचलून नेल्या. इमारतीतले लोक निरोप द्यायला आले होते. कॅप्टन उघड्या डोक्याने आले आणि त्यांनी आईला खिडकीपासून लांब झोपायला सांगितलं. आईने त्यांना तुमची टोपी कुठे आहे म्हणून विचारलं. दंतवैद्य बाईंनी दोघींना कडक काही चावू नका असं बजावलं. बायकोने मला फ्रिजमध्ये काय काय आहे ते सांगितलं, गॅस बंद करायची आठवण दिली आणि जाता जाता माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं. मग त्या दोघी कुंड्यांच्या मधून आत गेल्या. आईने मागे वळून पाहिलं नाही. बायकोने दोनदा पाहिलं.

मी घरी येऊन गच्चीवर गेलो. भोंगा झाला. खाली कप थरथरले असतील, पण कोण आलं म्हणून विचारणारं घरात कुणी नव्हतं. जहाज वळलं आणि बाहेर पडलं. ते नखाएवढं झालं असेल, तेवढ्यात जिन्यावर धापा ऐकू आल्या. माझा सहकारी फाईल छातीशी धरून वर आला होता. साहेबांची सही झाली होती. नव्या तुलनेची अट त्यांनी विशेष बाब म्हणून शिथिल केली होती आणि फक्त एक शर्त घातली होती. ‘अर्जदाराने सदर प्रवास कुटुंबासमवेतच करावा.’ सहकाऱ्याने आनंदाने माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. मग त्याने माझ्या नजरेच्या दिशेने समुद्राकडे बघितलं आणि हात हळूच सोडला. भला माणूस आहे. पोच न घेता खाली गेला.

बऱ्याच वेळाने फोन वाजला. वाऱ्याचा आवाज येत होता.

"अहो, गच्चीवर आहात ना? मगापासून मी आपली पाण्याची टाकी शोधत होते. दिसत होती, आत्ता आत्तापर्यंत दिसत होती. आता नाही दिसत."

मी विचारलं, आणि किनारा?

"काहीच नाही. चहूकडे पाणी."  मग ती म्हणाली, "मुलांना शिकवायचे मी, भर समुद्रात क्षितिज गोल दिसतं म्हणून. पुस्तकात होतं म्हणून शिकवायचे. खरंच गोल आहे हो. पूर्ण गोल."  मागून आई मोठ्याने कुणाला तरी सांगत होती की पासपोर्ट तिचा स्वतःचा आहे.

मला तिला सांगायचं होतं की प्रमाणपत्र आलं. मला तिला सांगायचं होतं की माझं चुकलं. आधी काय सांगावं याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात तीच बोलली.

"तुम्ही बरोबर असतात तर," ती म्हणाली, आणि रेंज गेली.

त्या दोघी परत येऊन आता बरेच दिवस झाले. आईचा शिक्का आल्यागेल्या प्रत्येकाला बघावा लागतो. बायको उन्हाने काळवंडली आहे आणि खुशीत आहे. वाक्याचा पुढचा भाग मी तिला विचारलेला नाही. माझ्यापुरते मी त्याचे तीन पर्याय काढले आहेत. एक, तुम्ही असतात तर आणखी मजा आली असती. दोन, तुम्ही असतात तर आम्ही अजून धक्क्यावरच उभ्या असतो. तिसरा मी कागदावर घेतलेला नाही. तिला एकदा विचारलं की कळेल, ती समोरच स्वयंपाकघरात असते. मी आज फळीसाठी सुताराला बोलावलंय, एकालाच. तो आला की विचारावं म्हणतोय. बघू.